पपईचे पान आणि डेंग्यूचा ज्वर

पावसाळा सरत आला, साचलेल्या पाण्यात डासांची पैदास झाली आणि घरोघर तापाचे रुग्ण दिसू लागले, की भारतातील अनेक शहरांत पपईच्या पानांना एकाएकी मागणी येते. कोलकाता शहर त्यास अपवाद नाही. कच्च्या पपईची भाजी तेथे नित्याच्या जेवणात असते आणि 'पेंपे' या नावाने हे फळ सर्वांच्या परिचयाचे आहे. तापाच्या दिवसांत त्याच झाडाच्या पानांचाही शोध सुरू होतो. पाने कुटून व रस गाळून रुग्णास पाजला असता डेंग्यू बरा होतो, निदान रक्तातील प्लेटलेट तरी वाढतात, असा समज सर्वत्र आढळतो. पानांच्या अर्काच्या गोळ्याही आता औषधांच्या दुकानांत मिळतात. या समजुतीस पुरावा किती आहे, आणि जो आहे तो नेमका कशाचा आहे, हे पाहणे हा प्रस्तुत पाठाचा विषय होय.

आरंभीच एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. पपई हे झाड मूळचे अमेरिकेतील. पोर्तुगीजांच्या काळात, सोळाव्या शतकात, ते भारतात आले. तेव्हा चरक-सुश्रुतांच्या संहितांत त्याचा उल्लेख असणे शक्यच नाही, आणि 'हा आपल्या पूर्वजांनी हजारो वर्षे वापरलेला उपाय आहे' असे कोणी म्हटल्यास ते इतिहासास धरून होणार नाही. यात त्या पानाचा काही कमीपणा नाही. ज्या सिंकोनाच्या सालीपासून कोयनेल मिळाले, तो वृक्षही दक्षिण अमेरिकेतूनच जगभर गेला. वनस्पती कोठून आली हा प्रश्न वेगळा. ती रोगावर काम करते काय, हा प्रश्न वेगळा.

कलकत्ता आणि हाडमोड्या ताप

डेंग्यूच्या अभ्यासात या शहराचे स्थान मोठे आहे. अंगदुखी आणि सांधेदुखी यांनी रुग्णास हैराण करणाऱ्या तापाची एक साथ तेथे १८२४ मध्ये येऊन गेली; दुसरी मोठी साथ १८७१ नंतर आली. मराठीत ज्यास 'हाडमोड्या ताप' म्हणतात, त्याच जातीचा हा ताप. त्या काळी ताप कशाने येतो हे ठाऊक नव्हते. तो डासांमुळे पसरतो, हे ऑस्ट्रेलियातील बँक्रॉफ्ट यांनी १९०६ मध्ये दाखविले. विषाणू हाती लागावयास दुसरे महायुद्ध उजाडावे लागले. १९४३ मध्ये जपानात आणि १९४४ मध्ये अमेरिकन सैनिकांच्या रक्तातून तो वेगळा करण्यात आला, आणि त्या सैनिकांपैकी काही कलकत्त्याच्या छावणीतील होते. पुढे या विषाणूचे चार प्रकार असल्याचे सिद्ध झाले.

१९६३ च्या साथीने मात्र या तापाचे निराळेच रूप दाखविले. १९५४ मध्ये मनिला येथे आणि १९५८ मध्ये बँकॉक येथे रक्तस्राव व अवसाद घडवून आणणारा ताप दिसला होता. तसाच ताप कलकत्त्यात आला. रक्तस्रावी डेंग्यूची ही भारतातील पहिली नोंदलेली साथ. कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक विद्यालयातील संशोधकांनी तिचा अभ्यास केला. रुग्णांचे नमुने पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राकडेही, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेकडे, तपासणीस आले. तेथे खोर्शेद पावरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तपासले. या सर्व तपासण्यांतून असे आढळले, की शहरात एकाच वेळी दोन विषाणू वावरत होते. एक डेंग्यूचा, दुसरा चिकुनगुन्याचा. दोहोंचा वाहक डास एकच. दोहोंत ताप, पुरळ आणि अंगदुखी. परंतु चिकुनगुन्यात सांधे फार धरतात आणि रुग्ण क्वचितच दगावतो. डेंग्यूत सांध्यांचा त्रास तुलनेने कमी, पण जिवास धोका अधिक. १८२४ ची ती जुनी साथही वस्तुतः चिकुनगुन्याची असावी, असे मत कॅरी या संशोधकाने १९७१ मध्ये मांडले.

ही माहिती येथे देण्याचे कारण आहे. समजा, १९६३ मध्ये एखाद्या वैद्याने तापाच्या शंभर रुग्णांस एखादा काढा दिला असता आणि त्यांतील एकही दगावला नसता, तर त्या काढ्याची कीर्ती सर्वदूर पसरली असती. पण त्या शंभरांपैकी किती जणांस डेंग्यू होता, हे प्रयोगशाळेवाचून कोणास सांगता आले असते? औषधाच्या परीक्षेत रोगाची परीक्षा आधी येते. ज्यास रोग नव्हताच, तो बरा झाला असे म्हणण्यास अर्थ नाही.

बिंबाणू घटतात केव्हा आणि वाढतात केव्हा

रक्तात तांबड्या व पांढऱ्या पेशींखेरीज अतिसूक्ष्म असे बिंबाणू असतात. डॉक्टर ज्यांना प्लेटलेट म्हणतात ते हेच. जखम झाल्यास एकत्र येऊन रक्त थांबविण्यास आरंभ करणे हे त्यांचे काम. निरोगी माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तात ते सुमारे दीड ते चार लाख असतात.

डेंग्यूचा ताप बहुधा दोन ते सात दिवस राहतो. ताप उतरण्याच्या सुमारास बिंबाणू झपाट्याने घटू लागतात. लाखाच्या खाली येतात, कधी पन्नास हजारांच्या, कधी वीस हजारांच्याही खाली. घरची माणसे घाबरतात ती येथे. परंतु त्याच सुमारास शरीरात आणखी एक घडामोड चालू असते, आणि धोका अधिक आहे तो तिच्यात. केशवाहिन्यांच्या भिंती पाझरू लागतात. रक्तातील पातळ भाग, म्हणजे रक्तद्रव, वाहिन्यांबाहेर झिरपून छातीच्या व पोटाच्या पोकळीत साचतो. वाहिन्यांत उरलेले रक्त दाट होते, रक्तदाब ढासळतो, हातपाय गार पडतात आणि रुग्ण अवसादात जातो. ही गळती साधारणतः चोवीस ते अठ्ठेचाळीस तास चालते. त्या अवधीत योग्य मापाने द्रव देऊन रक्ताभिसरण सांभाळले, तर बहुतेक रुग्ण वाचतात. गंभीर डेंग्यूत उपचार न झाल्यास शंभरांत वीसांहून अधिक रुग्ण दगावू शकतात. योग्य उपचार झाल्यास हे प्रमाण शेकडा एकाच्याही खाली आणता येते. इतका फरक पाडणारी वस्तू म्हणजे मीठपाण्याची बाटली आणि ती केव्हा व किती द्यावयाची हे जाणणारी परिचारिका व डॉक्टर. पपईच्या पानाइतके तिचे कौतुक कोणी करीत नाही.

गळती थांबल्यावर दोन-तीन दिवसांत बिंबाणू आपोआप वाढू लागतात. हे 'आपोआप' फार महत्त्वाचे आहे. रुग्णास रस केव्हा पाजला जातो, याचा विचार करावा. तापाच्या पहिल्या दिवशी नव्हे. तेव्हा तो साधा ताप वाटतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी रक्त तपासले जाते, बिंबाणू घटल्याचे कळते, शेजारी सुचवितात, पाने आणली जातात आणि चौथ्या-पाचव्या दिवशी रस पोटात जातो. सहाव्या-सातव्या दिवशी बिंबाणू चढलेले दिसतात. ते रसावाचूनही चढलेच असते. पाऊस लांबला म्हणून गावाने सप्ताह बसवावा आणि सप्ताह संपता संपता पाऊस यावा, तसा हा योग आहे. पाहणाऱ्याची लबाडी त्यात मुळीच नसते. त्याने जे पाहिले ते खरेच पाहिलेले असते.

रसाची परीक्षा

२०११ मध्ये पाकिस्तानातील एका रुग्णाची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पपईच्या पानांचा अर्क पाच दिवस घेतल्यावर त्याचे बिंबाणू पंचावन्न हजारांवरून एक लाख अडुसष्ट हजारांवर गेले. या हकिकतीचा पुढे फार गाजावाजा झाला. परंतु वर सांगितलेले लक्षात घेतल्यास एका रुग्णाची अशी चढती कमान काहीच सिद्ध करीत नाही, हे वाचकास सहज पटेल.

या अडचणीतून सोडवणूक तुलनेने होते. सारख्या रुग्णांचे दोन गट करावयाचे. कोण कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, कोणाच्याही मर्जीवाचून ठरवावयाचे. एका गटास औषध द्यावयाचे, दुसऱ्यास नाही. बाकी सर्व उपचार सारखे. मग आपोआप होणारी वाढ दोन्ही गटांत सारखीच होईल आणि अधिक जे दिसेल तेवढेच औषधाचे. अशी परीक्षा मलेशियातील क्लांग येथील रुग्णालयात झाली व तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. २२८ रुग्ण होते. औषधाच्या गटास रोज पन्नास ग्रॅम पानांचा ताजा रस तीन दिवस देण्यात आला. रस घेणाऱ्यांचे बिंबाणू सुमारे चाळीस तासांनंतर दुसऱ्या गटाहून अधिक वाढलेले आढळले. भारतात बिकानेर येथे ४०० रुग्णांवर अशीच परीक्षा झाली, आणि आणखी एका परीक्षेत अनेक ठिकाणच्या ३०० रुग्णांस अर्काच्या गोळ्या देण्यात आल्या. या दोहोंचे अहवाल २०१६ मध्ये आले. त्यांतही बिंबाणूंची वाढ औषधाच्या गटात लवकर झाली.

कोची येथील एका छोट्या परीक्षेचे आकडे विशेष बोलके आहेत. ती २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांचे बिंबाणू तीस हजारांवर आले होते किंवा त्याहूनही खाली गेले होते, असे सुमारे पन्नास रुग्ण त्यात होते. अर्क घेणाऱ्यांस पन्नास हजारांचा टप्पा गाठण्यास सामान्यतः दोन दिवस लागले. औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांस तीन दिवस. म्हणजे फरक एका दिवसाचा. आणि ज्यांस औषध मिळालेच नाही, त्यांचेही बिंबाणू तिसऱ्या दिवसापर्यंत सरासरीने तीन पटींहून अधिक झाले होते.

तेव्हा 'पपईच्या पानात काहीच नाही' असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. पानांत कार्पेन नावाचे अल्कलॉइड आहे, इतरही द्रव्ये आहेत, आणि बिंबाणू काहीसे लवकर वाढावेत असा त्यांचा परिणाम असावा, असे मानण्यास जागा आहे. मात्र या परीक्षांच्या मर्यादाही सांगावयास हव्यात. मलेशियातील परीक्षेत कोणास रस मिळतो आहे हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांसही ठाऊक होते. त्या रसाच्या कडूपणाची नक्कल करणे सोपे नाही हेही खरे. बहुतेक परीक्षांतून अतिगंभीर रुग्ण वगळले गेले. आणि सर्वांत मोठी मर्यादा ही, की मुख्यतः मोजले गेले ते बिंबाणू. अवसाद किती जणांस आला, मोठा रक्तस्राव किती जणांस झाला, किती जण दगावले, या प्रश्नांचे उत्तर देण्याइतके रुग्ण कोणत्याच परीक्षेत नव्हते.

आकडा आणि रुग्ण

येथे कोणी विचारील, बिंबाणू वाढले म्हणजे रक्तस्राव टळणारच; मग निराळे मोजण्याची गरज काय? तर्क सरळ दिसतो. परंतु त्याचीही परीक्षा झालेली आहे, आणि तीत पपईचा संबंध नव्हता. सिंगापूर व मलेशिया येथील पाच रुग्णालयांत डेंग्यूचे ३७२ प्रौढ रुग्ण निवडण्यात आले. त्यांचे बिंबाणू वीस हजार किंवा त्याहून कमी होते, पण रक्तस्राव सुरू झालेला नव्हता. अर्ध्यांस दात्यांच्या रक्तातून काढलेले बिंबाणू शिरेवाटे देण्यात आले, अर्ध्यांस नाही. निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. बिंबाणू दिलेल्यांपैकी शेकडा २१ जणांस रक्तस्राव झाला. न दिलेल्यांपैकी शेकडा २६ जणांस. हा फरक केवळ योगायोगानेही पडू शकेल इतका लहान होता. उलट त्रासदायक प्रतिक्रिया मात्र बिंबाणू दिलेल्यांत अधिक आढळल्या.

प्रत्यक्ष बिंबाणूच रक्तात ओतूनही रक्तस्राव ठळकपणे टळत नसेल, तर ते एक दिवस आधी वाढविणाऱ्या रसाने तो टळेल, असे गृहीत धरता येत नाही. डेंग्यूत रक्त येते ते केवळ बिंबाणू कमी पडल्यामुळे नव्हे. वाहिन्यांच्या भिंती आणि रक्त गोठण्याची सारीच व्यवस्था बिघडलेली असते. बिंबाणूंचा आकडा हा रोगाची पायरी दाखविणारा काटा आहे. घड्याळाचा काटा बोटाने पुढे सरकविला म्हणून सूर्य लवकर उगवत नाही.

आणि या आकड्यावर नजर खिळल्यामुळे एक प्रत्यक्ष हानी होते. ताप उतरला, रस चालू आहे, बिंबाणू 'वाढताहेत', म्हणून घरची माणसे निर्धास्त होतात. गळतीचे तास नेमके हेच असतात. पोटात तीव्र दुखणे, पुनःपुन्हा उलटी होणे, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येणे, रुग्ण सुस्त किंवा फार अस्वस्थ होणे, लघवी कमी होणे, हातपाय गार पडणे, यांपैकी काहीही दिसल्यास बिंबाणू कितीही असोत, रुग्णास तत्काळ रुग्णालयात नेले पाहिजे. पपईचा कडू रस काहींस मळमळ व उलटी आणतो. मग ही उलटी रसाची की धोक्याची, हे ओळखणे कठीण होऊन बसते. तापावर पॅरासिटॅमॉलखेरीज ॲस्पिरिन वा आयब्युप्रोफेन यांसारखी औषधे घेऊ नयेत. त्यांनी रक्तस्राव बळावतो.

सर्पगंधेचा दाखला

वनौषधीची परीक्षा शेवटपर्यंत कशी नेता येते, याचे उदाहरण कलकत्त्यातच आहे. उष्णकटिबंधीय वैद्यक विद्यालयात १९२१ पासून रामनाथ चोप्रा हे औषधविज्ञानाचे प्राध्यापक होते. देशी वनस्पती घ्यावयाच्या, त्यांतील द्रव्ये वेगळी करावयाची, ती प्राण्यांवर व नंतर रुग्णांवर तपासावयाची, हा क्रम त्यांनी घालून दिला आणि १९३३ मध्ये भारतातील देशी औषधांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच शहरात १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बसू यांनी सर्पगंधेने रक्तदाब उतरतो व वेड्याचा क्षोभ शमतो असा निबंध लिहिला होता. चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती वनस्पती प्रयोगशाळेत तपासली. पुढे मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील अनुभव इंग्लंडमधील हृद्रोगविषयक नियतकालिकात मांडला, तेव्हा जगाचे लक्ष तिकडे गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये सर्पगंधेतून रेसर्पीन हे द्रव्य वेगळे झाले.

येथवर झाले तेही आकड्याचेच काम होते. रक्तदाबाचा आकडा उतरला एवढेच. अर्थात एक भेद आहे. जुना रक्तदाब डेंग्यूच्या बिंबाणूंसारखा आठवड्यात आपोआप पूर्ववत होत नाही, म्हणून वकिलांच्या निरीक्षणास तुलनागटावाचूनही काही वजन होते. परंतु आकडा उतरल्याने आयुष्य वाचते काय, याचे उत्तर १९६७ मध्ये मिळाले. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत अतिशय वाढलेल्या रक्तदाबाच्या १४३ पुरुषांचे दोन गट करण्यात आले. एकास तीन औषधे एकत्र देण्यात आली, आणि त्या तिहींत एक रेसर्पीन होते. दुसऱ्या गटास औषध नसलेल्या गोळ्या. दुसऱ्या गटात २७ जणांवर गंभीर आपत्ती ओढवली. औषधाच्या गटात केवळ दोघांवर. सेन-बसूंच्या निबंधापासून येथवर छत्तीस वर्षे गेली. तोवर रेसर्पीनचा दोषही उघड झाला होता. त्याने काही रुग्णांस खिन्नता येते. खरे औषध ठरलेल्या वनस्पतीचा इतिहास बहुधा असाच असतो, गुणांबरोबर दोषांचाही.

पपईचे पान आज या वाटेवर मधल्या पायरीवर आहे. त्याच्याबरोबर आणखी दोन वनस्पतींची नावे घेतली जातात, पहाडवेल आणि वासनवेल. दोन्ही गुळवेलीच्याच कुळातील आणि दोन्ही आपल्याकडे रानात वा कुंपणावर आढळणाऱ्या. त्यांच्या अर्काने प्रयोगशाळेतील पेशींत डेंग्यूच्या चारही प्रकारांच्या विषाणूंची वाढ रोखली जाते, असे दिल्लीतील संशोधकांनी दाखविले आहे. पहाडवेलीचा अहवाल २०१५ चा आहे. बिंबाणू वाढविण्याहून हा दावा निराळा, म्हणजे प्रत्यक्ष विषाणूवर काम करण्याचा आहे. परंतु काचेच्या नळीतील पेशी आणि रुग्ण यांत अंतर फार. डेंग्यूच्या विषाणूवर थेट काम करणारे मान्यताप्राप्त औषध, वनस्पतीचे वा रासायनिक, अद्याप जगात कोठेही नाही.

पपईबाबतचा निर्णय लागण्यास किती रुग्ण लागतील, याचा हिशोब करता येतो. समजा, रुग्णालयात आलेल्या शंभर रुग्णांपैकी एक अत्यवस्थ होतो, आणि रसाने हे प्रमाण निम्म्यावर यावे अशी अपेक्षा आहे. एवढा फरक योगायोगापासून खात्रीने वेगळा ओळखावयाचा, तर प्रत्येक गटात साडेचार हजारांहून अधिक रुग्ण हवेत. दोन्ही मिळून नऊ हजारांच्या वर. बिकानेरच्या परीक्षेत दोन्ही गट मिळून ४०० होते. हे काम एका रुग्णालयाचे नव्हे. अनेक शहरांनी, दोन-तीन पावसाळे, एकाच पद्धतीने नोंदी ठेवून ते करावयाचे आहे, आणि रुग्णांची उणीव दुर्दैवाने कोलकात्यास वा मुंबईस पडण्यासारखी नाही.